जमिनीखालचं राज्य

सिडकोतल्या आमच्या गल्लीत पाण्याचा वार सणावाराइतकाच पक्का लक्षात ठेवावा लागत आला आहे. गेल्या काही वर्षांत नळाला कधी चौथ्या दिवशी पाणी आलं, कधी आठव्या, तर ऐन उन्हाळ्यात दहाव्या दिवशीसुद्धा. शेजारच्यांनी मुलीच्या साखरपुड्याची तारीख ठरवताना आधी पाण्याचा दिवस पाहिला आणि मग पंचांग उघडलं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. टँकरवाल्याचा नंबर आमच्याकडे डॉक्टरांच्या नंबराच्या वर लिहिलेला असतो. आणि हे कुठे, तर ज्या गावाच्या पोटातून चारशे वर्षांपूर्वी बारमाही वाहतं पाणी खेळवलं गेलं, त्या गावात!

ते पाणी ज्याने खेळवलं त्याचं चरित्र आज सांगायचं आहे. नाव सगळ्यांना ठाऊक आहे, मलिक अंबर. शाळेच्या इतिहासात तो गनिमी काव्याच्या धड्यात भेटतो आणि धडा संपला की निघून जातो. मला मात्र तो आधी भेटला तो हौदात. माझं बालपण जुन्या शहरात, गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत गेलं. गल्लीच्या तोंडाशी दगडी हौद होता. त्यात खापरी नळातून बोटाएवढी धार रात्रंदिवस पडत असे. ही धार कुठून येते, असं विचारलं की आजी सांगायची, अंबरच्या नहरीतून. अंबर कोण, हे तिलाही नीट सांगता येत नसे. कुणीतरी मोठा राजा असावा, एवढीच तिची समजूत. 1972 च्या दुष्काळात सारा मराठवाडा खडी फोडायला गेला, तेव्हाही आमच्या हौदाची धार बारीक झाली, पण तुटली नाही. बाराएक वर्षांचा मी घागर लावून तासन् तास तिथे बसत असे. त्या धारेचं ऋण माझ्यावर आहे, आणि ते मी फेडलं तर नाहीच, उलट बुडवलं. ती कबुली मी याच लेखात पुढे देणार आहे.

आजीची समजूत एका अर्थाने चुकीची होती. अंबर राजा नव्हता. तो गुलाम होता.

त्याचा जन्म 1548 च्या सुमाराचा, इथिओपियातला. हबसाण म्हणतात तो हा मुलूख. आईबापांनी ठेवलेलं नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. तांबड्या समुद्राकाठी मोखा नावाचं बंदर आहे, तिथल्या बाजारात त्याची विक्री झाली. तिथून तो बगदादला गेला. पुन्हा विक्री. बगदादच्या धन्याने या पोराची हुशारी हेरली, त्याला लिहायवाचायला शिकवलं, मुसलमान धर्माची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव दिलं. मग 1570 नंतरच्या दोन-चार वर्षांत तो समुद्र ओलांडून दख्खनेत आला आणि तिथे तिसऱ्यांदा विकला गेला. विकत घेणारा होता अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान. गंमत अशी, की हा चंगीझखानही मूळचा हबशीच, आणि एके काळचा गुलामच. त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी गुलाम होते.

आयुष्यभर बँकेत काढल्यामुळे असेल, पण या चरित्रात मला पहिल्यांदा दिसतात ते व्यवहार. एक माणूस तीनदा हातोहात जातो, प्रत्येक वेळी त्याची किंमत ठरते, प्रत्येक वेळी नावे-जमा होते. आपली किंमत इतक्यांदा दुसऱ्यांनी ठरवलेली पाहिल्यावर माणूस एक तर मोडतो किंवा स्वतःची किंमत स्वतः ठरवायला शिकतो. अंबर दुसऱ्या जातीचा निघाला.

1574-75 च्या सुमारास चंगीझखान मेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. पुढची वीस वर्षं या स्वतंत्र माणसाने तलवारीवर काढली. थोडे हबशी, थोडे अरब जमवून तो चाकरीच्या शोधात फिरला. विजापूरकरांकडे राहिला. मलिक हा किताब त्याला तिथेच मिळाला. पण तिथे मन रमलं नाही, आणि 1595 च्या सुमारास तो दीडशे स्वारांसह निजामशाहीत परतला. त्याच वर्षाच्या अखेरीस मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला. चांदबिबीने तो परतवला खरा, पण पाच वर्षांनी, ऑगस्ट 1600 मध्ये, अहमदनगर पडलंच. चांदबिबी मारली गेली, बाल सुलतान कैद झाला. निजामशाही संपली, असं आग्र्याच्या दरबाराने धरून चालायला हरकत नव्हती.

अंबरने तसं धरलं नाही. निजामशाही घराण्यातला एक मुलगा त्याने शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला दुसरा मुर्तझा म्हणून गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्याचा कारभार हाती घेतला. प्रतिस्पर्धी राजू दख्खनीला त्याने मागे सारलं. तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे पंचवीसहून अधिक वर्षं, दख्खन काबीज करू पाहणाऱ्या मोगलांच्या वाटेत हा एक माणूस उभा होता. मैदानात समोरासमोर त्यांच्याशी पुरं पडणार नाही, हे त्याने ओळखलं होतं. मग रसद तोडायची, डोंगरात ओढायचं, रात्री छापे घालायचे. या कामी त्याला मराठा स्वार मिळाले. मालोजी आणि विठोजी भोसले निजामशाहीत होते, लखुजी जाधव होते, पुढे शहाजीराजे आले. शिवभारतातही अंबरच्या पराक्रमाचा उल्लेख आदरानेच येतो.

जहांगीर बादशहाला या माणसाने किती छळलं असेल, याचा एक पुरावा आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. अबुल हसन या चित्रकाराने 1616 च्या सुमारास काढलेलं हे चित्र. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते शिर त्याला कधीच मिळालं नाही. जे रणात साधलं नाही ते कागदावर साधून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या धंद्यात वसूल न होणारं कर्ज कागदोपत्री वसूल दाखवणारे महाभाग मी पाहिले आहेत. चित्र पाहिलं की मला त्यांची आठवण होते.

पण लढाया हा अंबरच्या चरित्राचा जमिनीवरचा भाग झाला. आता जमिनीखाली जाऊ.

1610 साली त्याने निजामशाहीची राजधानी खडकीला आणली. खाम नदीच्या काठचं हे गाव. नावातच खडक. दौलताबादचा किल्ला जवळ, उत्तरेच्या वाटेवर नजर ठेवायला जागा चांगली. सेनापती म्हणून हे सगळं ठीक होतं. पण राजधानी म्हणजे नुसता तळ नव्हे. तिथे बायकामुलं येणार, कोष्टी-रंगारी येणार, हत्ती-घोडे येणार, बागा होणार. या सगळ्यांना पाणी कुठून देणार? शेजारीच उदाहरण होतं. दिल्लीच्या महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास अख्खी राजधानी दौलताबादेला आणली आणि काही वर्षांत ती परतही नेली. अशा ठिकाणी राजधानी वसवणं म्हणजे काय, याचा धडा अंबरला डोळ्यांसमोर दिसत असणार.

त्याने काढलेला उपाय म्हणजे नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला, डोंगरांतून आलेलं पाणी नदीच्या पात्राखाली आणि आसपासच्या जमिनीत मुरतं. वरून नदी कोरडी दिसली तरी खाली पाझर चालू असतो. अंबरने नदीवर धरण बांधलं नाही. त्याने जमिनीच्या पोटात चुन्या-दगडांचं भुयार घातलं, ज्याच्या अंगातून हा पाझर आत झिरपेल. भुयाराला इतका हलका उतार दिला की पाणी आपल्याच वजनाने शहरापर्यंत चालत यावं. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. जागोजागी आत उतरून गाळ काढण्यासाठी तोंडं ठेवली. शहरात शिरल्यावर पाणी खापरी नळांत घातलं आणि मधेमधे उंच खांबासारखे मनोरे उभारले. पाणी त्यात वर चढायचं, कोंडलेली हवा सुटायची, दाब आटोक्यात राहायचा, आणि दुसऱ्या बाजूने पाणी पुढच्या नळात उतरायचं. शेवटी ते मशिदींच्या, वाड्यांच्या आणि मोहल्ल्यांच्या हौदांत पडायचं. ना मोट, ना बैल, ना रहाट. नहर नुसती चालू राहायची.

दरबारातल्या जाणत्यांनी हा बेत हसण्यावारी नेला होता, अंबरने पंधरा महिन्यांत तो पुरा करून दाखवला आणि त्यावर अडीच लाख रुपये खर्च झाला, असं परंपरेने सांगतात. हे काम 1617 च्या सुमाराचं मानलं जातं. आकड्यांवर मी हवाला देत नाही. पण जाणत्यांचं हसणं मला खरं वाटतं. जमिनीखालच्या कामाला कोणत्याही दरबारात मंजुरी लवकर मिळत नाही, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

हे तंत्र अंबरने शून्यातून काढलं, असा दावा कुणी करू नये. इराण-इराककडे असे कनात फार जुने. बिदर, विजापूरला ते होते, अहमदनगरच्या निजामशहांनीही खापरी नळांनी शहरात पाणी आणलं होतं. बगदादच्या वाटेवर कुठेतरी एका विकल्या गेलेल्या पोराने जमिनीतून येणारं पाणी पाहिलं असेल आणि पन्नास वर्षं मनात जपलं असेल, हा माझ्यातल्या कादंबरीकाराचा अंदाज. पुरावा म्हणाल तर नाही. पुरावा आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि ती अधिक नवलाची आहे. मोगलांचं दख्खनेतलं ठाणं होतं बुऱ्हाणपूर. अंबरशी वर्षानुवर्षं झुंजलेला मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान याने त्याच बुऱ्हाणपुरात 1615 च्या सुमारास कुंडी भंडारा बांधवला. तीही अशीच जमिनीखालून पाझर वाहून आणणारी योजना. एकमेकांची रसद तोडणारे हे दोन वैरी त्याच काळात आपापल्या गावांसाठी जमिनीखाली एकच काम करत होते. पुढे सव्वाशेएक वर्षांनी पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी असंच भुयाराने शनिवारवाड्याकडे आणलं. दख्खनच्या राज्यकर्त्यांचं इतर बाबतींत कधी एकमत झालं नाही. पाण्याच्या बाबतीत झालं.

दुसरं एक काम अंबरने केलं, तेही तसं न दिसणारंच. जमीन महसुलाचं. गावं मक्त्याने देण्याची पद्धत त्याने मोडली. मक्तेदार बोली लावून पैसे भरतो आणि रयतेकडून दामदुपटीने काढतो. अंबरने जमिनी पाहून, त्यांची प्रत लावून, प्रत्यक्ष पिकावर सारा ठरवला. धान्यात घेतला तर साधारण दोन-पंचमांश, आणि पुढे रोखीत एक-तृतीयांश, असं प्रमाण सांगितलं जातं. मलिकंबरी धारा हे नाव पुण्याकडे शिवकाळापर्यंत आणि त्यानंतरही जिवंत होतं. शेतीकर्जाच्या टेबलावर बारा वर्षं बसलेल्या माझ्यासारख्याला याचं मोल सांगायला नको. सारा आणि पाणी, दोन्हींत तत्त्व एकच. मधला दलाल काढून टाका आणि उतार नीट राखा.

अंबरला देवमाणूस करायचा माझा विचार नाही. त्याची फौज ज्या मुलखातून गेली तिथल्या रयतेने काय भोगलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आपल्याच हाताने गादीवर बसवलेल्या सुलतानाशी तो कसा वागला, त्याची कथाही सुखाची नाही. पाणी कसं द्यायचं हे त्याला कळत होतं तसं पाण्याने कसं मारायचं हेही कळत होतं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याने तळ्याचा बांध फोडून मोगल-विजापूरकरांच्या फौजेच्या वाटेत चिखल केला आणि मग त्यांना झोडपलं. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. लगेच पुढच्या वर्षी शहाजीराजे त्याला सोडून विजापूरला गेले. मोठ्या माणसाजवळ टिकणं नेहमीच अवघड असतं.

मला थांबायचं आहे ते 1616 आणि 1621 या दोन सालांपाशी. 1616 मध्ये रोषणगावला अंबरचा मोठा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकी जमीनदोस्त केली. अंबरने ती पुन्हा उभी केली. 1621 मध्ये शाहजादा खुर्रमची फौज आली, पुढचा शाहजहान तो हाच. खडकी पुन्हा जाळली गेली, वाडे पाडले गेले. नहर मात्र जमिनीखाली होती. तिला आग लागत नव्हती. वर राखेचा ढीग आणि खाली चालतं पाणी, असं त्या दिवसांतलं खडकीचं चित्र मी कल्पनेने पाहतो. गाव पुन्हा वसलं ते या पाण्याच्या जिवावर.

14 मे 1626 रोजी ऐंशीच्या उंबरठ्यावर अंबर वारला. त्याला कुणी हरवून मारलं नाही. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, गावाला फतेहनगर असं आपलं नाव दिलं. सातच वर्षांनी, 1633 मध्ये, त्याच मुलाने दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं. 1653 मध्ये औरंगजेब सुभेदार म्हणून पुन्हा आला आणि गाव औरंगाबाद झालं. 2023 मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झालं. चारशे वर्षांत वरची पाटी इतक्यांदा बदलली, पण दीर्घ काळ तहान भागवणारी नहर तीच राहिली. पुढच्या लोकांनी तिला बहिणी दिल्या. थत्ते नहर, पाणचक्कीची नहर, अशा आणखी कितीतरी. पाणचक्की पाहायला येणारे प्रवासी ती अंबरचीच समजतात. ती अठराव्या शतकातली, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याची. तिचं पाणी जटवाड्याच्या डोंगराकडून येतं. चूक प्रवाशांची नाही. अंबरने लावलेली सवयच पुढे चालली.

मग हे सगळं गेलं कुठे? इथे माझी कबुली येते.

1992-93 ची गोष्ट असेल. मी तेव्हा शहरातल्या एका शाखेत घरकर्जाचं काम पाहत होतो. गाव चोहोबाजूंनी फुगत होतं. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांनी माणसं आणली होती, माणसांना घरं हवी होती. एका सोसायटीच्या जागेच्या पाहणीला मी शहराच्या उत्तर अंगाला गेलो. पायाचे खड्डे चालू होते. एका खड्ड्यात मजुरांच्या पहारीखाली चुन्याची कमान फुटली होती. मी वाकून पाहिलं. आत अंधार होता, आणि त्या अंधारात पाणी वाहत होतं. स्वच्छ, थंड, घाई नसलेलं. त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. तो माझ्या गल्लीतल्या हौदाचा आवाज होता.

बांधकामाचा मुकादम माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी काय म्हणतो यावर त्याचं काम अडणार होतं. पाहणीच्या नमुन्यात एक रकाना असे, जागेसंबंधी विशेष काही. तो मी भरला. विशेष काही नाही, असा भरला. कारणं हवी तेवढी होती. कर्जाचं उद्दिष्ट होतं, मार्च जवळ आला होता, सोसायटीत शाळामास्तर आणि एसटीचे वाहक होते, त्यांचे पैसे अडकले असते. शिवाय नकाशावर तिथे नहर दाखवलेलीच नव्हती. पुढच्या भेटीला गेलो तेव्हा तो खड्डा काँक्रीटने बुजला होता. कर्ज वेळेवर फिटलं. माझ्या कारकिर्दीतल्या चांगल्या खात्यांपैकी ते एक.

त्याच उन्हाळ्यात आईने सांगितलं, की गल्लीतला हौद कोरडा पडला. त्या खड्ड्याचा आणि या हौदाचा संबंध होताच असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण नव्हता असंही मला तीस वर्षांत स्वतःला पटवता आलेलं नाही.

आणि तो एकच खड्डा नव्हता. बोअरवेलची कर्जंही मीच मंजूर केली. शेकड्यांनी. नहर पाझरावर जगते. ज्या पाझराला ती हलकेच हात लावायची त्याच्याखाली दोन-तीनशे फुटांवरून आम्ही पंपाने उपसा सुरू केला. मग गुंठेवारीच्या वसाहती आल्या. तिथे पाण्याची लाइन नाही, ड्रेनेज नाही, घरोघर शोषखड्डे. जमिनीतलं पाणी उपसून घ्यायचं आणि घाण पाणी त्याच जमिनीत सोडायचं. गुंठेवारीवर बँक कर्ज देत नसे, म्हणून आम्ही अधिकारी स्वतःला निर्दोष समजत असू. मैल्याचे नाले खामला आणि सुखनाला मिळाले. ज्या खामच्या काठी अंबरने राजधानी आणली ती आमच्या पिढीने गटार करून ठेवली. अलीकडच्या वर्षांत खाम साफ करण्याचं काम हाती घेतलं गेलं, काठावर झाडं लागली, ही गोष्ट चांगलीच आहे. पण नदी साफ होते ती काठावर नव्हे. ती साफ होते घराघरातल्या मोरीपासून निघालेल्या, जमिनीखालून जाणाऱ्या ड्रेनेजच्या नळात. पुन्हा तेच, न दिसणारं काम.

शहराला आज पाणी येतं ते पैठणच्या नाथसागरातून. जायकवाडीची कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये बसवली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. शंभर टीएमसीहून अधिक पाणी साठवणारं हे धरण नसतं तर एवढं मोठं शहर उभंच राहिलं नसतं. त्याला नावं ठेवण्याइतका मी कृतघ्न नाही. पण पैठण खाली आहे आणि शहर वर. चाळीसेक किलोमीटर लांबून, शंभर मीटरहून अधिक उंचीवर, हे पाणी विजेने ढकलत आणावं लागतं. वीज गेली की पाणी गेलं, नळ फुटला की शहर तहानलं. समांतर जलवाहिनी नावाचा एक बेत आम्ही वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात वाचला आणि 2016 मध्ये त्याचा करार रद्द झाल्याचंही वाचलं. मग डिसेंबर 2020 मध्ये 1680 कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. माणूस आत उभा राहील एवढ्या व्यासाचे नळ रस्त्याकडेला येऊन पडले. खर्चाचा आकडा पुढे 2740 कोटींवर गेला. मोठं शहर पंपाशिवाय चालणार नाही, हे मला कळतं. नहरीने आजच्या लोकसंख्येला पुरवठा होईल, असा भाबडा दावा मी करत नाही. अंबरच्या खडकीची तहान ती केवढी!

मग अंबरकडून घ्यायचं काय? मला वाटतं, सत्ता कशावर खर्च करायची याची त्याची समज. तीनदा विकल्या गेलेल्या, ना कुळ ना मुलूख असलेल्या माणसाला आपलं नाव मागे राहावं असं वाटणं साहजिक होतं. त्यानेही भडकल दरवाजा बांधला, वाडे बांधले. पण ज्या गावावर दर चार-पाच वर्षांनी मोगल चालून येणार हे त्याला ठाऊक होतं, त्या गावाच्या मातीत त्याने पंधरा महिने आणि भरपूर पैसा पुरला. हर्सूलहून निघालेलं पाणी आपल्या जातीचं आहे की परक्या, आपल्या धर्माचं आहे की दुसऱ्या, हे गल्लीतल्या हौदाने कधी विचारलं नाही. माझ्या आजीला अंबर कोण हे माहीत नव्हतं, तरी तिची घागर भरत होती.

गेल्या हिवाळ्यात मी खुलताबादला गेलो होतो. गर्दी असते ती औरंगजेबाच्या कबरीकडे, श्रद्धेने असो वा रागाने. अंबरचा मकबरा त्याने जिवंतपणीच बांधून ठेवलेला. जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिचा मकबरा. तिथे त्या दुपारी एक बकरी आणि मी असे दोघेच होतो. बराच वेळ बसून मी मनातल्या मनात एक अर्ज लिहिला. तो इथे जाहीरपणे देतो.

शहरात अजून जिथे जिथे नहरीचा माग लागतो तिथे तिची मोजणी व्हावी. ती विकास आराखड्यात रेघ म्हणून यावी, आणि ज्या जमिनीखालून ती जाते त्या जमिनीच्या उताऱ्यावर तशी नोंद व्हावी. हर्सूलकडच्या पाझराच्या पट्ट्यात नवीन बोअर होऊ नयेत. आणि बँकांनी घरकर्जाच्या कागदांत एक कागद वाढवावा. खाली नहर नाही याचा दाखला. माझ्यासारख्या एखाद्या अधिकाऱ्यापुढे तो रकाना पुन्हा येईल, तेव्हा त्याला खोटं लिहायला निदान थोडं अवघड जावं.

घरी परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्या दिवशी आमच्या गल्लीत पाण्याचा वार होता. नळाला धार आली होती, बोटाएवढी. बायकोने बादली लावून ठेवली होती. मी तिथेच पायरीवर बसलो आणि ती भरेपर्यंत उठलो नाही.